वाढत्या उद्योगाची धुरा : भोपाळच्या दोन कारखान्यांचा बोध



गव्हाला नत्र अधिक पडले की पीक झपाट्याने उंच होते. पाहणाऱ्याला समाधान वाटते. परंतु काडीत बळ भरण्यापूर्वीच ओंबीचा भार आला आणि वारा सुटला, की तेच पीक लोळते. शेतकऱ्याला ही गोष्ट सांगावी लागत नाही. उद्योगाच्या बाबतीत मात्र ती पुन्हा पुन्हा सांगावी लागते. मालाला मागणी नसली म्हणजेच नवी कंपनी बुडते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः मागणी अपेक्षेपेक्षा लवकर वाढली आणि ती पेलण्याची शक्ती संस्थेच्या अंगी आलेली नसली, तरीही कंपनी संकटात सापडते. अशा काळात संस्थेची धुरा कशी वाहावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हा विषय केवळ मोठ्या शहरांतील कारखानदारांचा राहिलेला नाही. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनीची तरतूद झाली, आणि किमान दहा शेतकऱ्यांना एकत्र येऊन स्वतःची कंपनी स्थापन करता येऊ लागली. २०२० साली केंद्र शासनाने देशात दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभ्या करण्याची योजना हाती घेतली. महाराष्ट्रातील अनेक गावांत आज अशा कंपन्या आहेत. त्यांतील काहींची उलाढाल दोन-तीन हंगामांतच अनेक पटींनी वाढते. त्यांच्या संचालकांना, त्यांना साहाय्य करणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि त्यांच्यासाठी मुले घडविणाऱ्या शिक्षकांना भोपाळ या एकाच शहरातील दोन कारखान्यांचा इतिहास पुष्कळ काही शिकवून जातो.

नवी राजधानी, नवा कारखाना

१९५६ हे वर्ष भोपाळच्या आणि विदर्भाच्याही इतिहासात महत्त्वाचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरचे ते स्थान गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. त्यापूर्वी दोनच महिने, ऑगस्ट १९५६ मध्ये, केंद्र शासनाच्या मालकीची 'हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड' ही कंपनी नोंदविण्यात आली होती. तिचा कारखाना भोपाळलाच उभा राहावयाचा होता.

या कंपनीपुढील कार्य किती मोठे होते, हे दोन आकड्यांवरून ध्यानात येईल. मार्च १९५६ अखेर देशाची वीजनिर्मितीची क्षमता सुमारे २,८८६ मेगावॅट होती. मार्च १९६६ अखेर ती ९,०२७ मेगावॅट झाली. दहा वर्षांत क्षमता तिपटीहून अधिक वाढत होती. त्यासाठी लागणारी टर्बाइने, जनित्रे, रोहित्रे व स्विचगियर ही अवजड सामग्री बहुतांशी परदेशांतून येत असे. ती देशात घडविण्याची जबाबदारी ज्या कंपनीवर पडली, तिच्याजवळ प्रारंभी ना यंत्रे होती, ना कारागीर, ना अनुभव. तंत्रज्ञानासाठी ब्रिटनमधील असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या उद्योगसमूहाशी करार करण्यात आला. १ जुलै १९६० रोजी उत्पादनास प्रारंभ झाला आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी हा कारखाना राष्ट्राला अर्पण केला.

आधी माणूस, मग यंत्र

अवजड विद्युत सामग्रीचे काम साबणाच्या किंवा कापडाच्या कारखान्यासारखे नसते. तेथे एकाच साच्यातून हजारो नग निघत नाहीत. प्रत्येक धरणाची उंची वेगळी, पाण्याचा प्रवाह वेगळा, म्हणून प्रत्येक जलविद्युत केंद्राचे टर्बाइन वेगळे घडवावे लागते. जनित्राच्या वेटोळ्यांवरील विद्युतरोधक आवरणात एखादी बारीकशी फट राहिली, तर कित्येक महिन्यांचे काम वाया जाते. अशा ठिकाणी यंत्र विकत आणता येते. यंत्रावर काम करणारा हात मात्र घडवावाच लागतो.

म्हणूनच कारखान्याच्या भिंती पुऱ्या होण्याची वाट न पाहता प्रशिक्षणाची सोय करण्यात आली. प्रशिक्षणशाळेत तरुणांना जुळारी, कातारी, सांधारी यांची कामे शिकविण्यात येऊ लागली. तरुण अभियंत्यांच्या तुकड्या ब्रिटनमधील कारखान्यांत शिकावयास पाठविण्यात आल्या. ज्या मुलांनी पूर्वी विजेचा मोठा पंपही पाहिला नव्हता, त्यांच्या हातून पुढे रेल्वेच्या विद्युत इंजिनांच्या मोटारी आणि धरणांवरील टर्बाइने तयार झाली. कामगारांसाठी पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहती झाल्या. शाळा झाल्या, रुग्णालय झाले. जवळच्या गोविंदपुरा औद्योगिक क्षेत्रात सुटे भाग पुरविणारे लहान उद्योग उभे राहिले.

मराठी माणसाला ही रीत नवी नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानच्या साहाय्याने कुंडलजवळच्या माळावर कारखाना हलविला, तेव्हा तेथे सावलीला मोठे झाड नव्हते, मग तयार कारागीर कोठून असणार? त्यांनी आसपासच्या खेड्यांतील माणसेच हाताशी धरली आणि त्यांना ओतकाम, जुळणी, हिशेब शिकवून तरबेज केले. किर्लोस्करवाडीचा नांगर विदेशी नांगराच्या बरोबरीने उभा राहिला, तो या माणसांच्या बळावर.

वाढीची किंमत

भोपाळच्या कारखान्याची वाटचाल मात्र सुरळीत झाली असे म्हणता येणार नाही. पहिल्या टप्प्याची घडी नीट बसण्यापूर्वीच विस्ताराचे निर्णय झाले. एका बाजूला नवी यंत्रे बसविली जात होती, दुसऱ्या बाजूला नवशिके कारागीर पहिल्यांदाच अवघड काम हाताळत होते आणि तिसऱ्या बाजूला वीजमंडळे सामग्रीची तातडीने मागणी करीत होती. मालाचा पुरवठा रेंगाळत असे. साठच्या दशकात कंपनीला सतत तोटा सोसावा लागला आणि तिच्यावर कठोर टीका झाली.

त्या तोट्याचे सारे समर्थन करण्याचे कारण नाही. तथापि, त्यातील एक भाग शिकण्याचा खर्च होता. मोठे रोहित्र किंवा टर्बाइन बनवायला शिकणे म्हणजे काही नग बिघडणे, काही काम दुप्पट वेळ घेणे हे ओघाने आलेच. हा खर्च टाळण्याचा एक सोपा मार्ग कोणत्याही व्यवस्थापकापुढे असतो. प्रशिक्षण कमी करावे, तपासणी सैल करावी, आणि माल वेळेवर पाठविल्याचा आकडा दाखवावा. त्यामुळे वर्षाचा ताळेबंद बरा दिसतो आणि संस्थेची मुळे मात्र कुजू लागतात. भोपाळमध्ये शिकण्याचा खर्च सोसला गेला. त्यामुळेच सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी कारखाना तोट्यातून बाहेर येऊ लागला, तेव्हा त्याच्याजवळ हजारो कुशल कामगारांचे आणि अभियंत्यांचे अनुभवी मनुष्यबळ तयार होते.

चार कारखाने, एक संस्था

दरम्यान, १९६४ साली 'भारत हेवी इलेक्ट्रिकल्स लिमिटेड', म्हणजेच 'भेल', ही दुसरी कंपनी स्थापन झाली. तिचे कारखाने तिरुचिरापल्ली, हैदराबादजवळील रामचंद्रपुरम आणि हरिद्वार येथे होते. भोपाळचे तंत्र ब्रिटिश, तिरुचिरापल्ली व हैदराबादचे झेकोस्लोव्हाक, हरिद्वारचे सोव्हिएत. रेखाचित्रे वेगळी, मापनाच्या पद्धती वेगळ्या, कामाच्या सवयीही वेगळ्या. एकाच वीजकेंद्राला लागणारी सामग्री वेगवेगळ्या ठिकाणी घडे आणि संपूर्ण केंद्राची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित राही.

१९७२ साली व्ही. कृष्णमूर्ती भेलचे अध्यक्ष झाले. मद्रासच्या वीजखात्यात उमेदवारी केलेल्या या अभियंत्याने तिरुचिरापल्लीचा बाष्पकांचा कारखाना उभारण्यात प्रमुख भाग घेतला होता. १९७४ साली भोपाळची जुनी कंपनी आणि भेल यांचे एकत्रीकरण झाले. त्याच सुमारास संपूर्ण संस्थेचा दीर्घ मुदतीचा आराखडा तयार करण्यात आला. आपण सुटी यंत्रे विकतो, ही समजूत सोडून ग्राहकाला चालू वीजकेंद्र उभे करून देणे हे आपले काम आहे, अशी दृष्टी त्यात स्वीकारली होती. चारही कारखान्यांची विक्री, संशोधन आणि नियोजन यांचा मेळ घालण्यात आला. हैदराबादला मध्यवर्ती संशोधन विभाग उभा राहिला.

येथे नेतृत्वाचे मर्म दिसते. संस्था लहान असते तेव्हा प्रमुखाला प्रत्येक कामगाराचे नाव ठाऊक असते आणि प्रत्येक निर्णय त्याच्या तोंडून निघतो. संस्था चौपट झाली म्हणजे तो प्रमुख चौपट काम करू शकत नाही. त्याला मग आपल्या हातातील निर्णय इतरांच्या हाती द्यावे लागतात. हे देणे म्हणजे सोडून देणे नव्हे. कोणी काय ठरवावे, कशाचा हिशेब कोणाला द्यावा आणि कोणती गोष्ट कोणीही मोडू नये, हे स्पष्ट लिहून ठेवल्यानंतरच अधिकार वाटता येतात. कृष्णमूर्ती यांनी पुढे १९८१ पासून मारुती उद्योगाची धुरा वाहिली. १९८२ मध्ये जपानच्या सुझुकी कंपनीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मोटार ग्राहकाच्या हाती पडली. एवढ्या घाईच्या काळातही भारतीय कामगारांना जपानमध्ये शिक्षणासाठी पाठविण्यास तेथे वेळ काढण्यात आला होता.

वाढ हुकलेला कारखाना

आता त्याच भोपाळमधील दुसऱ्या कारखान्याकडे वळावे लागेल. युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड या कंपनीने १९६९ साली भोपाळमध्ये कीटकनाशकाचा कारखाना सुरू केला. या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग अमेरिकन कंपनीकडे होते. शेतीत हरितक्रांतीचे वारे वाहत होते आणि कीटकनाशकांची मागणी वेगाने वाढेल, असा अंदाज होता. वर्षाला ५,००० टन कार्बारिल तयार करण्याचा परवाना घेण्यात आला आणि त्यासाठी लागणारे मिथाइल आयसोसायनेट हे अत्यंत विषारी रसायन १९८० पासून तेथेच तयार होऊ लागले.

परंतु अपेक्षित वाढ आलीच नाही. अवर्षणाने शेतकऱ्याच्या हातात पैसा राहिला नाही, अधिक स्वस्त कीटकनाशके बाजारात आली आणि उत्पादन परवान्यातील आकड्याच्या जवळपासही गेले नाही. मोठ्या वाढीसाठी उभारलेला कारखाना तोट्यात चालू लागला. तोटा कमी करण्यासाठी कोठे काटकसर करावी, हा प्रश्न व्यवस्थापनापुढे उभा राहिला, आणि काटकसर झाली ती माणसांत, त्यांच्या शिक्षणात व देखभालीत. धोकादायक विभागातील प्रत्येक पाळीचे कामगार निम्म्यावर आणले गेले. देखभाल करणारी माणसे कमी झाली. प्रशिक्षणाचा कालावधी आखडला गेला. कामाच्या सूचना इंग्रजीत होत्या आणि अनेक कामगारांना ती भाषा पुरेशी येत नव्हती.

इशारे मिळाले नव्हते असे नाही. डिसेंबर १९८१ मध्ये विषारी वायूच्या गळतीने एका कामगाराचा मृत्यू झाला. १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकेतील तज्ज्ञांनी पाहणी करून दोष दाखविले. त्याच वर्षी भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी 'रपट' या आपल्या साप्ताहिकातून शहराला असलेल्या धोक्याची जाणीव करून दिली. त्याकडे गांभीर्याने पाहिले गेले नाही. १९८४ च्या जूनमध्ये ते रसायन थंड ठेवणारी यंत्रणाही बंद करण्यात आली.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री, सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट असलेल्या टाकीत पाणी शिरले. रसायन तापले, उकळले आणि वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. शीतयंत्रणा बंद होती. गळणारा वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवला होता. वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा वेळेवर उपयोगी पडली नाही. हजारो माणसे मृत्यू पावली आणि पाच लाखांहून अधिक लोकांना इजा झाल्याची शासकीय नोंद आहे. हा घातपात होता, असे कंपनीने पुढे म्हटले. पाणी कसेही शिरले असो, त्या रात्री एकही संरक्षक यंत्रणा उपयोगी पडली नाही, ही गोष्ट त्या म्हणण्याने बदलत नाही. १९८९ साली ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली. २०१० साली भोपाळच्या न्यायालयाने भारतीय कंपनीच्या सात अधिकाऱ्यांना दोषी ठरविले. कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा तेथून हलविण्यास २०२५ साल उजाडावे लागले.

या दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण अधिनियम झाला आणि १९८७ साली कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. सुरक्षिततेच्या कामात कामगारांचा सहभाग असावा, असे तत्त्व त्यात मान्य झाले. कायद्याने जे नंतर सांगितले, ते चांगल्या व्यवस्थापनाला आधीच ठाऊक असावयास हवे होते.

दोन्ही कारखाने शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. तोटा दोघांनाही झाला. एका ठिकाणी तोट्याच्या काळातही माणसांच्या शिक्षणावर खर्च होत राहिला. दुसऱ्या ठिकाणी पहिली कात्री माणसांवर, त्यांच्या शिक्षणावर आणि जागरूकतेवर चालली. वाढ वेगाने येवो अथवा अंदाज चुकून ती हुकून जावो, कुशल हात आणि जागता डोळा या दोन गोष्टींत नेतृत्वाने काटकसर करता कामा नये.

गावातील कंपनीसाठी

एवढ्या मोठ्या कारखान्यांचा आणि गावातील सोयाबीन किंवा कांदा खरेदी करणाऱ्या कंपनीचा काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. प्रमाण वेगळे असले, तरी नियम तोच आहे.

प्रथम पैशाचा विचार करू. समजा, एक कंपनी दर आठवड्याला २ लाख रुपयांचे सोयाबीन घेते, शेतकऱ्याला रोख पैसे देते आणि तेलगिरणीकडून तिला सहा आठवड्यांनी पैसे मिळतात. म्हणजे तिचे १२ लाख रुपये सतत बाहेर अडकलेले असतात. मागणी वाढली म्हणून ती आठवड्याला ६ लाखांची खरेदी करू लागली, तर ३६ लाख अडकतात. हे वाढीव २४ लाख कोठून आणावयाचे? शेकडा दोन रुपये नफा धरला, तर आठवड्याला १२ हजार रुपये सुटतील. त्या नफ्यातून २४ लाख उभे करण्यास २०० आठवडे, म्हणजे जवळजवळ चार वर्षे लागतील. विक्री तिप्पट झाल्याचा आनंद साजरा होत असतानाच शेतकऱ्याचे पैसे थकू लागतात, त्याचे कारण हे. म्हणून वाढीचा निर्णय घेण्यापूर्वी खेळत्या भांडवलाचा हिशेब मांडावा, बँकेशी बोलावे, आणि पैसा पुरेल एवढीच खरेदी वाढवावी. कायद्याने उत्पादक कंपनीला राखीव निधी ठेवणे बंधनकारक केले आहे, ते याच दूरदृष्टीने. सगळा नफा वाटून टाकणारी कंपनी सभासदांना प्रिय होते, परंतु टिकत नाही.

दुसरा विचार माणसांचा. कायद्यानुसार अशा कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो. अनेक ठिकाणी तो एकटाच काटा करतो, ओलावा मोजतो, पावत्या फाडतो आणि गिरणीशी बोलणीही करतो. तो आजारी पडला की कंपनी आजारी पडते. खरेदी वाढविण्यापूर्वी त्याच्या हाताखाली दुसरा माणूस तयार असावा. गावातील बारावी झालेल्या मुलामुलींना प्रतवारी, वजन, हिशेब आणि गोदामाची निगा यांचे शिक्षण मराठीतून द्यावे. येथे शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. कामाच्या सूचना कामगाराच्या भाषेत असणे ही केवळ भाषाभिमानाची बाब नाही, ती सुरक्षिततेची बाब आहे, हे भोपाळने दाखविले आहे. गोदामात धुरी देण्याच्या औषधाच्या सूचना ज्याला वाचता येत नाहीत, त्याच्या हाती ते औषध देऊ नये.

तिसरा विचार ऐकून घेण्याचा. वाढत्या संस्थेत प्रमुखाच्या कानावर गोड बातम्या लवकर येतात आणि कडू बातम्या वाटेतच थांबतात. वजनकाट्यात फरक आहे, गोदामाचे पत्रे गळतात, अमुक व्यापारी पैसे टाळतो, हे प्रथम हमालाला आणि काटेवाल्याला कळते. त्याने सांगितले म्हणून त्याच्यावर कोणी रागावणार नाही, एवढी खात्री त्याला असली पाहिजे. उत्पादक कंपनीत एका सभासदाला एकच मत असते. त्या मताचा अर्थ केवळ निवडणुकीपुरता नाही. वार्षिक सभेत प्रश्न विचारणे हाही त्याचाच भाग आहे. अधिकाऱ्यांनीही अशा कंपनीची पाहणी करताना उलाढालीचा आकडा विचारून थांबू नये. शेतकऱ्याचे पैसे किती दिवसांत मिळाले, किती जणांना प्रशिक्षण दिले, मागील वर्षी लेखापरीक्षकाने दाखविलेले दोष दूर झाले काय, हे प्रश्न विचारावेत. उत्तरे समाधानकारक असतील, तर उलाढालीची चिंता करण्याचे कारण उरत नाही.

भोपाळच्या हेवी इलेक्ट्रिकल्सची भेल ही संस्था २०१३ साली 'महारत्न' कंपन्यांच्या पंक्तीत बसली. त्याच शहरात युनियन कार्बाइडच्या ओसाड आवाराभोवतीच्या वस्त्या त्या एका रात्रीचे परिणाम आजही भोगीत आहेत. आपल्या गावातील कंपनीने यांपैकी कोणत्या वाटेने जावयाचे, याचा निर्णय मोठ्या संकटाच्या दिवशी होत नसतो. खरेदीच्या धामधुमीत प्रशिक्षणासाठी एक दिवस काढावा की नाही, गोदामाच्या दुरुस्तीचे पाच हजार रुपये या वर्षी खर्च करावेत की पुढच्या, काटेवाल्याची तक्रार ऐकून घ्यावी की नाही, अशा लहान लहान निर्णयांतूनच तो होत असतो. संचालकांनी, सभासदांनी, शिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनी हे निर्णय वेळीच व डोळसपणे घेतले, तर गावोगावच्या या तरुण कंपन्यांची वाढ टिकाऊ होईल आणि ती शेतकऱ्याच्या खऱ्या उपयोगी पडेल.